हिरव्या पोशाखाचे चोवीस हूक

४ सप्टेंबर

नोकरीचा पहिला दिवस. कापडाच्या त्या तीन मजली दुकानाला पुढच्या महिन्यात साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त तळमजल्यावर जुन्या पोशाखांचे प्रदर्शन मांडायचे असून प्रत्येक पोशाखाखालच्या पाटीवरचा मजकूर मी लिहायचा आहे. मालकीणबाईंनी मला सर्वांसमोर उभे केले आणि म्हणाल्या, "ही आपली पाटीवाली. विद्यापीठात भाषेत पहिली आलीय. तोंडातून शब्द फुटत नाही, पण लिहिते झकास." सगळे हसले. मीही हसले, आणि ते अधिक वाईट. घरी पोहोचेपर्यंत मला त्यावर तीन उत्तरे सुचली. तिन्ही उत्तम होती. ती आता या वहीत राहतील.

८ सप्टेंबर

गोदामात सहा पुतळे आहेत. दर दहा वर्षांनी दुकानाने एक नवा आणला आणि जुना खाली ढकलला. मी ते ओळीने उभे केले आणि बराच वेळ पाहत बसले. पहिलीची कंबर मुठीत मावेल एवढी आणि छाती भरगच्च. दुसरी फळीसारखी सपाट. तिसरीचे खांदे पहिलवानाचे. चौथी इतकी वाळलेली की तिच्या अंगावरचा प्रत्येक कपडा पाठीमागे टाचलेला. पाचवीला दंडावर स्नायू कोरलेले. सहावीला तर डोकेच नाही, कुल्ले मात्र भरघोस.

घरी हे सांगितले तेव्हा आई हसली. "आमच्या वेळी हाडं दिसली की लोक विचारायचे, घरात खायला घालत नाहीत का? मी ब्लाउजमध्ये रुमाल कोंबून फोटो काढलाय, दोन-दोन. एक फोटोग्राफरसमोरच खाली पडला." ताई पोट धरून हसली. मला हसू आले नाही. मला पहिलीच आवडली. बाकीच्या पाचजणींत बाजार दिसतो, तिच्यात डौल दिसतो.

११ सप्टेंबर

पहिल्या पुतळ्याच्या अंगावर हिरवा पोशाख आहे. जाड रेशीम, पायघोळ घेर, पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत चोवीस हूक. कंबर बावीस इंच. शेजारी त्याच पोशाखातल्या एका तरुणीचे मोठे छायाचित्र आहे. दुकानात सगळे तिला 'हसरी' म्हणतात. दुकान उघडले त्या वर्षीच्या जाहिरातीतला तो फोटो आहे. खरे नाव कोणालाही माहीत नाही.

या पाटीसाठी मी पाच तास घेतले. आणखी कमी लागले असते, पण बाळ सारखे रडत होते. भाऊजींची बदली झाली आहे आणि तिकडे घर मिळेपर्यंत ताई चार महिन्यांच्या मुलीला घेऊन आमच्याकडे राहते. त्यामुळे दोन खोल्यांच्या घरात आता माझ्या वाट्याला स्वयंपाकघरातले टेबल आले आहे. लेखन करणाऱ्या माणसाला शांतता लागते हे या घरात कोणाच्या डोक्यात शिरत नाही. असो. अखेर वाक्य जमले :

'तो काळ डौलाचा होता. संयम हा स्त्रीचा खरा दागिना मानला जाई, आणि ही सडपातळ कंबर त्या संयमाची साक्ष आहे.'

शेवटी 'साक्ष' हा शब्द येतो तेव्हा वाक्य कसे टेकते ते पाहावे.

१४ सप्टेंबर

वाक्य वाचून मालकीणबाई खुर्चीतून उठल्याच. "अगं, ही पाटी नाही, ही जाहिरात आहे!" आणि उभ्याउभ्या त्यांनी स्पर्धा ठरवली. १२ ऑक्टोबरला दुकानात जिला हिरवा पोशाख बसेल, पोशाख तिचा. शिवाय हसरीच्या फोटोशेजारी तिचा फोटो, दर्शनी काचेत, वर्षभर. माझे वाक्य शहरभर पत्रकांवर छापले जाणार आहे.

ताईने एक पत्रक मागून घेतले आणि आरशाच्या कोपऱ्यात खोचले. माझ्या लेखनाला या घरात इतका मान प्रथमच मिळाला. मी संकोचाने म्हणाले, "काढ गं ते." ती म्हणाली, "राहू दे. रोज वाचते मी."

२० सप्टेंबर

ताईने आज पुन्हा तिचे अंडे माझ्या ताटात टाकले. "तू डोक्याचं काम करतेस," म्हणाली. गेल्या आठवड्यात तिचे दूध, तिचे लोणी, तिचा अर्धा भात हे सगळे मीच संपवले. माझा चेहरा भरला आहे असे दुकानातल्या शिलाईवाल्या बाई म्हणाल्या. शाळेत मला 'काडी' म्हणत, त्यामुळे मी ही प्रशंसा समजून स्वीकारली.

२७ सप्टेंबर

आईने भुकटीच्या दुधाचा डबा आणला. ताईचे पुरत नाही म्हणे. बाळ दिवसभर किरकिरते. पाचव्या पुतळ्याची पाटी तीनदा लिहिली आणि तीनदा फाडली. कोणाच्याही मुलाने माझ्या वाक्याच्या मध्ये रडू नये, एवढी साधी अपेक्षा आहे.

ताई दुपारी दोनदा झोपते. बाळंतपणानंतर आळस येतो असे ऐकून आहे.

३० सप्टेंबर

भाऊजींचा फोन. घर मिळाले, १५ तारखेला न्यायला येतात. ताईने फोन स्पीकरवर टाकला होता. त्यांनी बाळाची चौकशी केली आणि मग म्हणाले, "आणि आमची जुनी बायको परत मिळणार ना? लग्नातली? की नवीनच, दीडपट?" ताई खूप हसली. इतकी हसली की तिला भिंतीला धरावे लागले. भाऊजी विनोदी आहेत हे खरे, पण मला तो विनोद तितका उंचीचा वाटला नाही.

२ ऑक्टोबर

आज जे ऐकले ते जसेच्या तसे लिहून ठेवते.

हिरव्या पोशाखाचे अस्तर कसरीने खाल्ले होते, म्हणून दुकानाच्या पहिल्या कटरला घरून बोलावले. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. ऐंशीच्या पुढचे आहेत, चष्मा दोरीने बांधलेला. पुतळ्याच्या अंगावरचा पोशाख पाहून ते थबकले. मग फोटोखालची माझी पाटी त्यांनी बोट ठेवून वाचली आणि त्यांना हसू आवरेना.

"संयम! कोणी लिहिलं हे?"

मी लिहिल्याचे मी सांगितले. बहुधा ओठ हलले, आवाज निघाला नसावा, कारण त्यांनी पुन्हा विचारले.

"पोरी, हा पोशाख बाईसाठी शिवलेलाच नाही. पुतळ्यासाठी शिवलाय. मीच शिवला. पुतळा बाहेरून मागवलेला, येताना कमरेशी तडकला. कारागिरानं तासून तासून प्लास्टर सारखं केलं, ते बावीसवर येऊन थांबलं. मालक म्हणाले, असू दे, काचेत छान दिसेल. मी त्या मापाचं कापलं."

"मग हसरी?"

"बटणांच्या काउंटरवर होती. फोटोवाला म्हणाला, जिवंत बाई पाहिजे. तिला घातला. पुढून ठीक. मागे वीतभर फट. हे बघ." त्यांनी पुतळ्याची पाठ माझ्याकडे वळवली. हुकांच्या पट्टीच्या दोन्ही कडांना तांबूस ठिपके होते, जोडीजोडीने. "क्लिपा. गंजल्या त्या. अकरा लावल्या होत्या, आणि वर नाडी. ती मला म्हणाली, मास्तर, भिंतीकडे पाठ करून उभी करा म्हणजे झालं. त्याच्यावरच हसतेय ती फोटोत. तिची कंबर तीस होती. चांगली ठणठणीत बाई. दोन पोरं होती पदरात."

मी विचारले, "हे मालकीणबाईंना माहीत आहे?"

"मला कोणी विचारलंच नाही कधी," म्हणाले आणि सुईत दोरा ओवू लागले.

३ ऑक्टोबर

सांगायला हवे, हे मला कळते. तथापि प्रदर्शनाची पत्रके वाटून झाली आहेत. एका म्हाताऱ्या माणसाच्या साठ वर्षांपूर्वीच्या आठवणीवर विसंबणे हेही शास्त्रशुद्ध नव्हे. शिवाय पाटीवर 'ही कंबर' असे आहे. कोणाची, ते मी कुठे म्हटले आहे?

हे वाक्य लिहून पुन्हा वाचले. मी भाषेत पहिली कशी आले ते आज समजले.

७ ऑक्टोबर

आज अक्षर वाईट येईल.

आज बाळाला लस द्यायची होती. आईचे गुडघे दुखतात म्हणून पिशवी धरायला मी गेले. नर्सने बाळाला वजनकाट्यावर ठेवले, कार्ड पाहिले, पुन्हा ठेवले. "महिन्यात काहीच वाढ नाही." मग बाळाकडे न बघता तिने ताईकडे पाहिले, नीट, वरपासून खालपर्यंत. "तुम्ही काय जेवता?"

"सगळं," ताई म्हणाली.

"आज सकाळी काय खाल्लंत?"

ताईने माझ्याकडे पाहिले. आज सकाळचे तिचे अंडे माझ्या पोटात होते.

परत येताना ती दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात बसली. दम लागला म्हणाली. मी वरून पाहिले तर गळ्याखाली दोन्ही बाजूंना खळगे पडलेले, बाळाचे बोट बुडेल एवढे. हे एका दिवसात झालेले नाही. मी रोज तिच्यासमोर जेवत होते.

घरी आल्यावर तिच्या उशीखाली टेप सापडली. बावीस इंचांवर लाल पेनाची खूण.

मी तिला सगळे सांगितले. मास्तर, तडकलेले प्लास्टर, अकरा क्लिपा. ती बाळाला थोपटत ऐकत होती. मग म्हणाली, "झालं तुझं? तुला काय गं, तू जन्माचीच काडी. लोक मला विचारतात, परत कधी होणार पहिल्यासारखी? परत! जसं काही मी कुठे गेलेय."

"पण ते माप खोटं आहे, ताई."

"आणि तुझं वाक्य? तेही खोटंच का?"

मी वही घेऊन स्वयंपाकघरात आले. मला ताईचा इतका राग आला आहे की लिहिता येत नाही. अंडे मला का दिले? फेकून का नाही दिले? आणि भाऊजींचा राग, आणि तो फोन स्पीकरवर टाकल्याचा राग, आणि त्या कारागिराचा, ज्याने साठ वर्षांपूर्वी प्लास्टर तासताना हात आवरला नाही. सर्वांत आधी जिचा राग यायला हवा तिचे नाव मी या वहीच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलेले आहे.

रात्री ताई म्हणाली, "नाही जात. झालं समाधान?"

८ ऑक्टोबर

मालकीणबाईंच्या दारावर टकटक केली. टकटक करण्याआधी जिना चारदा चढले-उतरले.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले, हे मान्य करायला हवे. मग म्हणाल्या, "छान गोष्ट आहे. पण लोक पुढून बघायला येतात गं, पाठ कोण बघतं?"

"बायका उपाशी राहताहेत."

"मी सांगितलं का कोणाला उपाशी राहायला? मी पोशाख फुकट देतेय." त्यांनी स्वतःच्या ब्लाउजच्या बाह्या खाली ओढल्या. "मी चौदा वर्षं रात्री जेवलेले नाही. कोणी माझ्यासाठी पाटी लिहिली?"

मी नवी पाटी लिहून नेली होती. मास्तरांची सगळी हकीकत, चार ओळींत, एकही विशेषण नाही. त्यांनी ती वाचली आणि खणात ठेवली. "हे काही तुझ्यासारखं नाही. पहिल्यात कशी मजा होती." आणि जाता जाता, "१२ तारखेला ट्रायल रूममध्ये तू थांब. तुझी बोटं बारीक आहेत, हूक लावायला बरी."

मी नोकरी सोडून यायला हवे होते. मी "बरं" म्हणाले.

१२ ऑक्टोबर

दुकान उघडण्याआधीच रांग रस्त्यापर्यंत गेली होती. मला पडद्याआड उभे केले, हातात धागे कापायची छोटी कात्री दिली. बाहेर मास्तरांना सत्कारासाठी पहिल्या रांगेत बसवले होते, खांद्यावर शाल.

दुपारपर्यंत एकोणीसजणींच्या पाठी मी पाहिल्या. त्यांतल्या प्रत्येकीने माझी माफी मागितली. कशाबद्दल, देव जाणे. "मी आधी अशी नव्हते हं." "मुलाच्या वेळी सुटले." "काल लग्नाचं जेवण होतं, नाहीतर…" एक शिक्षिका तीन दिवस नुसत्या पाण्यावर होती, तिच्या तोंडाला वास येत होता आणि त्याचीही तिने माफी मागितली. एक बाई एवढी गोरीगोमटी, भरलेली, देखणी, की मी पाहतच राहिले. तिने स्वतःच्या पोटाला चिमटा घेतला आणि त्याला शिवी दिली, माझ्यासमोर, जणू ते शेजाऱ्याचे वाया गेलेले कार्टे होते. मी प्रत्येकीला सांगत होते, "हे पुतळ्याचं माप आहे." माझा आवाज असा की त्यांना वाटले मी सांत्वन करते आहे. "तू फार गोड आहेस," असे त्यांतल्या चारजणी म्हणाल्या.

आणि विसावी आत आली ती ताई.

तिने माझ्याकडे पाहिले नाही. कपडे उतरवले, पाठ केली. तिच्या मणक्याची हाडे मला मोजता आली असती. मी मोजली नाहीत. पोशाख चढला. मी हूक लावू लागले, वरून खाली. का लावू लागले? मला माहीत नाही. एकोणीसजणींचे लावले होते, हात चालू होते. दहा. पंधरा. तिने श्वास सोडला. अठरा, एकोणीस. ती म्हणाली, "ओढ."

"ताई, बस."

"ओढ गं. श्वास सोडलाय मी, लवकर ओढ."

बावीस लागले. कमरेशी दोन राहिले, मधे करंगळीएवढी फट. त्या फटीतून तिची कातडी दिसत होती, बाळंतपणाच्या पांढऱ्या रेघांची. तिने पुढच्या टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, बोटांची टोके पांढरी पडली होती. "ओढ, तुला माझी शपथ आहे."

मी कात्री घातली.

कमरेतून वर, हुकांच्या पट्टीला लागून. रेशीम जुने होते, पुढे आपोआप फाटत गेले. आवाज मोठा झाला. ताईच्या फुप्फुसात हवा शिरल्याचा आवाज त्याहून मोठा होता.

ती वळली. मला वाटले मारेल. ती म्हणाली, "दोनच राहिले होते."

"ते प्लास्टरचं माप आहे, ताई. कोणाही बाईचं नाही."

"दोनच राहिले होते गं." आणि फाटलेला पोशाख छातीशी धरून ती स्टुलावर बसली आणि ढसाढसा रडली.

मी पडदा सारून बाहेर गेले. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे. आयुष्यात मी एवढ्या माणसांसमोर कधी बोललेली नाही. बक्षीस घेतानाही मान खालीच असे. मी बोलले. मागून कोणीतरी ओरडले, "काय म्हणाली?" म्हणून पुन्हा बोलले, आणि दुसऱ्या वेळी जो आवाज निघाला तो मला माझा वाटला नाही, आईचा वाटला, नळावर भांडतानाचा. "हा पोशाख कधीच कोणत्या बाईला बसलेला नाही! फोटोतलीलासुद्धा नाही! मागे अकरा क्लिपा होत्या. त्या मास्तरांना विचारा. आणि पाटीवरचं वाक्य मी लिहिलंय, आणि ते खोटं आहे."

मास्तर शालीतून मान हलवत म्हणाले, "अकराच. मी मोजून परत घेतल्या होत्या."

एक लठ्ठ आजी हसू लागल्या, त्यांना खुर्ची द्यावी लागली. बाकी कोणी हसले नाही. तीन दिवस पाण्यावर असलेली शिक्षिका सरळ माझ्यापर्यंत आली. "तुला कधी कळलं हे?"

"दोन तारखेला."

"आज बारा आहे," ती म्हणाली. एवढेच म्हणाली. मालकीणबाईंनी नंतर जे काही ऐकवले त्यातले मला एक अक्षर आठवत नाही. हे आठवते.

१३ ऑक्टोबर

नोकरी गेली. पोशाखाची किंमत भरून द्यावी लागणार होती, पण मास्तरांनी मालकीणबाईंना सांगितले म्हणे की माझ्या शिलाईला मी किंमत लावतो, आणि ती शून्य लावली.

पाटी मात्र अजून तिथेच आहे. सकाळी जाऊन काचेतून पाहिली. पोशाख नाही, पुतळा उघडा, आणि खाली माझे 'साक्ष'. रिकाम्या प्लास्टरखाली ते वाक्य आणखीच छान दिसत होते. एक मुलगी, असेल तेरा-चौदा वर्षांची, थांबून ते वाचत होती. मी आत गेले, रखवालदाराला "माझी वस्तू राहिलीय" म्हटले, पाटी उचलली आणि चालू लागले. हाक मारली त्याने. मी थांबले नाही. रस्त्यात तिचे तुकडे करायचा प्रयत्न केला; पुठ्ठा जाड निघाला. पायाखाली घालून मोडला. लोक बघत होते.

१५ ऑक्टोबर

भाऊजी आले. दारातच ताईला पाहून म्हणाले, "अरे वा, निम्मीच राहिलीस की!" आईने त्यांच्या हातात बाळाचे वजनाचे कार्ड दिले आणि म्हणाली, "ही पण." ते कार्डाकडे बराच वेळ बघत राहिले. नव्या घरात पंधरा दिवसांनी जाऊ म्हणाले, आणि रात्री एकटेच परतले.

१६ ऑक्टोबर

ताई चार दिवस माझ्याशी बोललेली नाही. जे काही सांगायचे ते आईमार्फत. "तुझ्या विदुषीला सांग, दिवा बंद कर." "तुझ्या विदुषीला म्हणावं, बाळाचं दुपटं तिच्या पुस्तकांखाली आहे."

मी रोज क्षमा मागणारी वाक्ये रचते. ती सगळी चांगली होतात, म्हणून म्हणत नाही.

आज जेवताना टेबलाशी आम्ही तिघी होतो. आईने उकडलेले बटाटे आणि अंडी ठेवली. ताईने अंडे उचलले. मला वाटले, आता माझ्या ताटात येईल. मी ताट मागे ओढले. तिने ते पाहिले. तिचा चेहरा असा झाला की आईने चमचा खाली ठेवला. मग तिने ते अंडे तोंडात घातले, अख्खे, आणि माझ्यावर नजर रोखून चावत राहिली. दुसरे घेतले. डोळ्यांत पाणी होते, घास गिळवत नव्हता, तरी गिळला. प्रत्येक घास ती मला फेकून मारते आहे असे वाटत होते. मी नजर खाली घातली नाही. या घरात मी प्रथमच कोणाला नीट पाहत होते.

"बघत काय बसलीस?" ताई म्हणाली. आईला नव्हे, मला. "तो बटाट्यांचा वाडगा इकडे दे."